“मला येडाची गोळी दिली, ताई”

काकू खुर्चीत बसल्याच नाहीत. टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि पिशवीतून एमआरआयच्या फिल्म, चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, अर्ध्या कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्यापुढं मांडल्या. वय 52, तासगावकडच्या. द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) करण्यात हयात गेली. तीन वर्षं कंबर दुखतेय, कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सांगलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही म्हणून पेन क्लिनिकला, म्हणजे जुनाट दुखण्यावरच्या दवाखान्यात, धाडलं. तिथं रात्रीची एक गोळी मिळाली, व्यायाम मिळाले आणि माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, नावाची चिठ्ठी. मुलानं मोबाईलवर गोळीचं नाव टाकलं, तर नैराश्यावरचं औषध निघालं.

“म्हंजे माझं दुखणं खोटं हाय व्हय?”

पेन क्लिनिकमधून येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं, काही जण नुसत्या डोळ्यांनी. काकूंना मी आधी एवढंच म्हटलं, “दुखणं खरं आहे. त्याबद्दल कुणालाच शंका नाही.” तेव्हा त्या बसल्या.

मग गोळीचं सांगितलं. ती अमिट्रिप्टिलिन होती, 10 मिलिग्रॅम. नैराश्यासाठी हीच गोळी कितीतरी मोठ्या डोसात देतात. एवढ्या लहान डोसात ती नसांमधून येणारी कळ शमवायला वापरतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात नसा आणि मेंदू जास्तच हळवे होऊन बसतात, जुनी इजा भरून आली तरी. गुण यायला काही आठवडे लागतात, तोंडाला कोरड पडते, सकाळी सुस्ती राहते. हे आधी कुणी सांगितलं नाही, की माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडतो. काकूंनीही सोडली होती, आणि मेडिकलमधून आणलेली नेहमीची पेनकिलर पुन्हा चालू केली होती. त्या गोळ्या वर्षानुवर्षं मनानं घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना बाधतात. मी त्यांना त्याच दिवशी पट्ट्यांसकट परत डॉक्टरांकडे पाठवलं.

माझं खरं काम पुढं होतं. बरं वाटलं की काकू एका दिवसात बागेतल्या दोन ओळी उरकायच्या आणि मग दोन दिवस अंथरुणात. आम्ही मोबाईलवर 20 मिनिटांचा गजर लावला. वाजला की थांबायचं, दुखत नसलं तरी. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. “बायका काय म्हणतील?” यावरच आमच्या दोन भेटी गेल्या.

मुलाला इंजेक्शनची घाई होती. मणक्याजवळ दिलेल्या इंजेक्शननं पायातली कळ काही आठवडे, काहींना काही महिने कमी होते. काहींना गुणच येत नाही. कळ कमी असते त्या काळात व्यायाम पुढं सरकला, तर इंजेक्शनचं चीज होतं. मात्र पायातली ताकद जाऊ लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर आमच्यापैकी कुणाचीही वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, हे मी दोघांकडून म्हणवून घेतलं.

तीन महिन्यांनी दुखण्याला दहापैकी आठऐवजी पाच गुण देत होत्या. तासगावहून एसटीनं बसून आल्या. इंजेक्शनचं डॉक्टरांनी सध्या पुढं ढकललंय. गजर आता 30 मिनिटांचा केलाय.