मागच्या तारखेची सही

प्रश्न : मॅडम, भोसरीतल्या एका लहान प्रेस शॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात दोन नंबरच्या पॉवर प्रेसवर ठेकेदाराकडच्या एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, तीन आठवडे बंद होता. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात वॉशर अडकवलेला होता, म्हणजे एका हाताने स्ट्रोक (प्रेसचा ठोका) मारता यायचा. आता तपासणीला साहेब येणार म्हणून मॅनेजर म्हणतात, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेचा 'हिरा' बनवून सही कर आणि ट्रेनिंग रजिस्टरमध्ये त्या मुलाचं नाव-सही घाल. नाहीतर राजीनामा दे. काय करू?

उत्तर : सही करू नका. कारणं आता सांगते.

'हिरा' म्हणजे दागिना समजणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात : कामातले धोके ओळखायचे, ते किती गंभीर आहेत हे तोलायचं आणि उपाय ठरवायचे, या पद्धतीच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचा हा शॉपमधला उच्चार. तक्ता साधा असतो. काम, त्यातला धोका, शक्यता गुणिले तीव्रता असा एक आकडा, उपाय आणि शेवटच्या रकान्यात जबाबदार व्यक्ती. तुमच्या मॅनेजरचा डोळा त्या शेवटच्या रकान्यावर आहे.

'लाइट कर्टन चालू, दोन्ही बटणं चालू, जबाबदार : सुपरवायझर' असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत, की कंपनी हाच कागद पुढे करून म्हणेल, आम्ही सगळं केलं होतं, यानेच पाळलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १०१ याच कामाचं होतं. आपण पुरेशी काळजी घेतली होती आणि गुन्हा आपल्या नकळत दुसऱ्याने केला, हे भोगवटादाराने (कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या माणसाने) सिद्ध केलं की तो सुटायचा आणि दुसरा अडकायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. कायदा बदलला तरी मालकांच्या वकिलांची सवय लगेच बदलत नाही. यंत्र सुरक्षित ठेवायची जबाबदारी मुळात मालकाची. ती तुमच्या सहीवरून खाली उतरवायची चालली आहे.

त्यात गंभीर इजेचं प्रकरण. संहितेच्या कलम १०३ मध्ये, कर्तव्य न पाळल्यामुळे गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली निम्मी रक्कम तरी जखमीला द्या, असं कोर्ट सांगू शकतं. मॅनेजरची धावपळ यासाठी आहे. पण खोटी नोंद हा त्यावरचा आणखी एक गुन्हा, आणि तो तुमच्या हातून होणार. त्या मुलाची सही तुम्ही केलीत तर ती सरळ बनावट सही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ लागायला तिथे फार युक्तिवाद लागत नाही.

मुलाचंही बघा. रजिस्टरमधली ती सही निरुपद्रवी वाटते, पण त्याच्या पोटावर येऊ शकते. त्याची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर बरं. पगार महिना २१,००० च्या आत असेल तर ती असायलाच हवी, आणि कामावरच्या अपघाताला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. उपचार चालू असताना वेतनाच्या ९० टक्के, पुढे मेडिकल बोर्ड ठरवेल त्याप्रमाणे अपंगत्वाचा लाभ. पण ठेकेदाराने नोंदणीच केली नसेल आणि मालकाकडून नुकसानभरपाई मागायचा दावा करावा लागला, तर तिथे मालकाला एक पळवाट आहे : मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल आणि कामगाराने जाणूनबुजून सुरक्षा गार्ड काढला असेल, तर मालक देणं लागत नाही. एका हाताची दोन बोटं म्हणजे भरपाईच्या कायद्यातल्या अनुसूचीप्रमाणे २० टक्के, अंशतः अपंगत्व. म्हणजे पळवाट उघडी. 'प्रशिक्षण दिलं होतं, गार्ड चालू होता, पोराने स्वतःच वॉशर घातला' ही गोष्ट रचायला जे दोन कागद लागतात, तेच दोन तुमच्याकडून मागितले जात आहेत.

आता तुमच्याबद्दल. तीन आठवडे कर्टन बंद होता, बटणातला वॉशरही तुम्हाला दिसत होता. टार्गेट होतं, मान्य. पण शिफ्ट तुमची होती. पोलिसांनी न्याय संहितेच्या कलम १२५ खाली (बेफिकिरीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) गुन्हा नोंदवला तर आरोपींत तुमचंही नाव येऊ शकतं. म्हणून जबाब द्यायच्या आधी स्वतःचा वकील गाठा, कंपनीचा नव्हे. दोघांचं हित आता एक राहिलेलं नाही.

तुमच्या पत्रात शेवटी जाता जाता एक ओळ आहे : मेंटेनन्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही लिहिलं होतं, "प्रेस २ चा कर्टन बंद आहे, थांबवू का?" आणि उत्तर आलं, "डिस्पॅच झाल्यावर बघू." अख्ख्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही ओळ. ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका, फोन विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागणार नाही. साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागेल, ते वकिलाच्या मदतीने तयार करा.

मॅनेजरला तोंडी नाही म्हणू नका, ईमेल करा. दोन ओळी पुरेत : "मागील तारखेच्या कागदावर सही करणं मला शक्य नाही. प्रेस २ चं धोका मूल्यांकन आजच्या तारखेने, अपघाताच्या नोंदीसह करून देण्यास मी तयार आहे." आणि खरंच करून द्या. त्यात पहिला प्रश्न, हात डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) जातोच कशाला? जॉब, म्हणजे दाबायचा तुकडा, चिमट्याने किंवा चुंबकाने ठेवता-उचलता आला तर निम्मा धोका तिथेच संपतो. मग डायभोवती पक्का गार्ड. मग एक बटण अडकवून ठेवलं तर स्ट्रोकच लागू नये अशी जोडणी. ट्रेनिंग त्यानंतर, आणि हातमोजे अगदी शेवटी, कारण रॅमपुढे (प्रेसच्या खाली येणाऱ्या जड भागापुढे) हातमोजा काय करणार! एका खटल्यात अभियंत्याच्या साक्षीतून मी शिकले, की जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन बसवून उपयोग नसतो. स्ट्रोक सुटला की मध्ये थांबत नाही. तुमची प्रेस कुठली ते आधी बघा.

राजीनामा लिहू नका. काढायचं तर त्यांनी काढावं, लेखी कारण देऊन. इथे एक अडचण आहे : सुपरवायझरचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल तर औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही 'कामगार' ठरत नाही, मग दाद दिवाणी कोर्टात, नेमणूकपत्राच्या आधारे. ते पत्र घरी आणून ठेवा.

प्रेस २ अजून त्याच अवस्थेत चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चालू असेल तर उद्याच्या शिफ्टला बटणाचा फोटो घ्या आणि धोका अगदी समोर आहे, असं मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही लेखी कळवा. व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम १४ तो अधिकार देतं. तोवर त्या प्रेसवर कुणाला बसवू नका.