तिचं ‘सुकी’ आणि आपलं ‘आवडणं’

प्रश्न असा आला आहे: एका मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, शाळेच्या गच्चीवर धाकटी मुलगी वरच्या वर्गातल्या मुलीला म्हणते, ‘सेन्पाइ नो कोतो, सुकी देसु.’ एका इंग्रजी भाषांतरात त्याचं ‘लाइक’ झालं आहे, दुसऱ्यात ‘लव्ह’. मग हे प्रेम की मैत्री? आणि मराठीत काय लिहायचं?

मराठीत ‘तू मला आवडतेस’ लिहा आणि मोकळे व्हा. इंग्रजीला इथे दोन क्रियापदांतून एक उचलावं लागतं, आपल्याला ती सक्ती नाही. जपानी ‘सुकी’ फळाला चालतं, पावसाला चालतं, माणसालाही चालतं. आपल्या ‘आवडणे’चंही तेच. बांधणीसुद्धा जवळची आहे. ‘सुकी’ हे मुळात क्रियापद नाही, विशेषणाच्या जातीचा शब्द आहे, आणि जे आवडतं त्याच्यामागे बहुधा ‘गा’ हा कर्त्याचा प्रत्यय लागतो. मराठीतही ज्याला आवडतं तो ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि क्रियापद चालतं ते आवडलेल्या गोष्टीच्या तालावर: आंबा आवडतो, कैरी आवडते, तू आवडतेस.

पण गोम इथेच आहे. जपानीत नुसतं ‘सुकी’ एवढंच म्हणता येतं. कोण, कोणाला, काय, सगळं गुलदस्त्यात. दोघी खिडकीशी उभ्या आहेत, बाहेर पाऊस आहे आणि एकीच्या तोंडून ‘सुकी’ निसटलं, तर ते पावसाला की शेजारणीला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मराठीत ‘आवडतो’ म्हटलं की पाऊस, ‘आवडतेस’ म्हटलं की ती. अशा चौकटीत मी ‘किती आवडतं गं मला हे’ असं काहीतरी लिहीन. ‘हे’मध्ये पाऊसही मावतो आणि शेजारी उभं राहणंही.

‘प्रेम असतं तर ती आइशितेरु म्हणाली असती’ असा एक युक्तिवाद हटकून होतो. तो टिकत नाही. ‘आइशितेरु’ हा फार जड शब्द, रोजच्या बोलण्यात क्वचितच येतो. आपल्याकडे तरी ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य सिनेमाबाहेर किती जणांनी ऐकलंय? शाळकरी मुलगा मुलीपाशी मन मोकळं करतो तेव्हा तोही ‘सुकी’च म्हणतो, आणि तिथे कोणी शंका काढत नाही. मग मुलीने मुलीला म्हटल्यावरच ती का निघावी?

उलट बाजूही खरी आहे. मैत्रिणी एकमेकींना ‘दाइसुकी!’, म्हणजे ‘खूप आवडतेस!’, सर्रास म्हणतात, केकचा तुकडा वाटून घेतला तरी म्हणतात. म्हणून शब्दाच्या आजूबाजूला पाहायचं. तुमच्या वाक्यात ‘नो कोतो’ आहे, तो नुसता भरणा नाही. केक आवडतो म्हणताना तो सहसा येत नाही, माणसापाशी येतो. ‘तू, तुझं सगळंच’ असा काहीसा त्याचा भाव. पुढे थोरलीने ‘तोमोदाची तो शिते?’, म्हणजे ‘मैत्रीण म्हणून ना?’, असं विचारलं आणि धाकटी गप्प राहिली, तर उत्तर मिळालंच. मी तरी तुमच्या गच्चीवरच्या वाक्याला प्रेमच म्हणेन.

खरी अडचण ‘आवडणे’ची नाहीच, अशा गोष्टींत धाकटी थोरलीला हाक मारते त्या ‘ओनेसामा’ची आहे. शब्दशः ‘ताई’, जरा अदबीने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी मुलींच्या शाळांत थोरली आणि धाकटी यांच्या उत्कट जवळिकीला ‘एस’ म्हणत. इंग्रजी ‘सिस्टर’चं ते आद्याक्षर. लेखिका योशिया नोबुको यांच्या 1916पासून आलेल्या ‘हाना मोनोगातारी’ या कथा याच जगातल्या. तिथून ‘ओनेसामा’ला जी हुरहुर चिकटली, ती मांगापर्यंत आली. मराठीत ‘ताई’ लिहिलं की ती जागच्या जागी विरते. ताईने वेणी घालावी, अभ्यास घ्यावा, फार तर पाठीत धपाटा घालावा.

नात्याचा शब्द घालून प्रेम झाकण्याची युक्ती इंग्रजीत मुद्दाम वापरून झाली आहे. ‘सेलर मून’ या जपानी कार्टून मालिकेच्या इंग्रजी डबिंगमध्ये हारुका आणि मिचिरू या एकमेकींच्या प्रेमात असलेल्या मुलींच्या जोडीला चक्क ‘कझिन’ करून टाकलं. आते-मामे भावंडांची लग्नं लावणाऱ्या महाराष्ट्रात ही मात्रा कितपत लागू पडली असती, देव जाणे.

जाता जाता, मुलीमुलींच्या प्रेमाच्या अशा गोष्टींना म्हणतात तो ‘युरी’ शब्द म्हणजे लिलीचं फूल. समलिंगी पुरुषांसाठीच्या ‘बाराझोकु’ या मासिकाचे संपादक इतो बुनगाकु यांनी 1976 मध्ये बायकांच्या पत्रांसाठी एक सदर काढलं. मासिकाच्या नावात गुलाब होता, म्हणून सदराच्या नावात लिली आली. ‘युरी’ तसाच ठेवा, आणि ‘ओनेसामा’ही. ‘सुकी’चं मात्र मराठी कराच.