कायमचा पत्ता नाही, तरी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही २०१२ मध्ये पोर्तुगीज पासपोर्ट काढलात, इंग्लंडला स्विंडनमध्ये काम केलंत, २०२१ मध्ये आईच्या आजारपणामुळे परत आलात. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) २०२२ चं. गोव्यात पेडण्याचं वडिलोपार्जित घर भावंडांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या दाव्यात अडकलंय आणि निम्मं पडलंय. तुम्ही म्हापशाच्या आसपास भाड्याने राहता, आणि ही चौथी खोली, कारण ऑक्टोबर आला की मालकाला खोली पर्यटकांना द्यायची असते. आता पुन्हा भारतीय नागरिक व्हायचंय, पण अर्जातल्या ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी हात थांबलाय. एजंट म्हणतो, आधी फ्लॅट घ्या, नाहीतर कुणा नातेवाइकाचा पत्ता लावा.

यातलं काहीही करू नका. दुसरं तर अजिबात नको. मी तेच केलं होतं आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं.

आधी कायद्याचं सांगतो, कारण भीती तिथूनच सुरू होते. नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ५ मध्ये नोंदणीने नागरिकत्व मिळण्याचे वेगवेगळे खंड आहेत. तुमच्या कामाचे दोन: (एफ) आणि (जी). (एफ) म्हणजे जी व्यक्ती स्वतः किंवा जिचे आई-वडील यांपैकी कुणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, आणि जी अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहत आहे. (जी) म्हणजे ओसीआय कार्ड मिळून पाच वर्षं झालेली व्यक्ती. तिलाही बारा महिन्यांची अट आहेच. तुमच्या कार्डाची पाच वर्षं २०२७ मध्ये भरतील, पण तोवर थांबायचं कारण नाही. तुम्ही पूर्वी भारतीय होतातच, तेव्हा (एफ) तुमचा. रद्द केलेला जुना भारतीय पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट जपून ठेवलं असेल तर पुरावा हाताशी आहे.

आता तो शब्द बघा. कायदा म्हणतो, ‘भारतात सामान्यपणे राहणारी’ व्यक्ती. घर असलेली व्यक्ती असं कुठेच म्हटलेलं नाही. मालकीचं घर, घरपट्टी, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव, यातलं काहीही या खंडांत मागितलेलं नाही. मोजायचे आहेत ते देशात काढलेले महिने. भिंती कुणाच्या, हा प्रश्नच नाही.

मग पत्ता लागतो कशाला? तुमचा अर्ज कोणत्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे जायचा हे त्यावरून ठरतं. चौकशीला पोलीस कुठे येणार हे ठरतं. पत्र कुठे पोचणार हे ठरतं. म्हणून माझं सरळ म्हणणं असं: जिथे शोधायला आलेल्या माणसाला तुम्ही सापडाल, तोच तुमचा पत्ता. मालकी दुसऱ्याची असली तरी चालेल, पण तुम्ही तिथे सापडायलाच हव्यात.

माझं झालं ते असं. मी २०१६ मध्ये परत आलो. थोरल्या भावाचं घर फोंडा तालुक्यातल्या एका गावात, मी मात्र ढवळीला भाड्याच्या खोलीत. अर्ज भरताना वाटलं, भाड्याची खोली लिहिली तर साहेब म्हणतील याचा ठावठिकाणाच नाही. म्हणून दोन्ही रकान्यांत भावाचं घर लिहिलं. सहा महिन्यांनी एका दुपारी हवालदार तिथे गेला. वहिनी एकटीच बलकावात (ओसरीवर) नारळ सोलत बसली होती. त्याने माझं नाव विचारलं. ती म्हणाली, “भावजी हंय रावनात, ते फोंड्या वटेन खंय तरी भाड्यान आसतात.” तिने खरं तेच सांगितलं. अहवालात एक ओळ आली: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. फाइल परत. वहिनी त्या दिवसापासून किती तरी महिने माझ्याशी बोलताना मान खाली घालायची, आणि चूक सगळी माझी होती.

हे मनावर घ्या, कारण गोष्ट फाइल परत येण्यापुरती राहत नाही. खोटी माहिती देऊन किंवा काही लपवून मिळवलेलं नागरिकत्व कलम १० खाली काढून घेता येतं, आणि जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कलम १७ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंटाला यातलं काही भोगावं लागत नाही. सही तुमची असते.

दुसऱ्या वेळी मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: कधीपासून, कधीपर्यंत, खोली कुठली, मालक कोण, कागद काय. एक ओळ अशी होती: ‘ढवळी, जून ते मे, करारनामा आहे, पोलीस ठाण्याचा शिक्का आहे.’ तिच्याखाली: ‘बांदोडा, पाच महिने, करारनामा नाही, गॅसचं पुस्तक फक्त.’ वही भरल्यावर कळलं की मला घर नसलं तरी माझं राहणं अखंड होतं, फक्त त्याचे कागद तुटक होते. तुम्हीही आज रात्री बसून अशी वही करा. चार खोल्या म्हणजे चार ओळी. शेवटचे बारा महिने मात्र महिन्या-महिन्याने लिहा.

तुटलेले दुवे जोडता येतात. करारनामा नसलेल्या बांदोड्याच्या बाईंकडे मी पुन्हा गेलो. त्यांनी रेघांच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे माझ्या घरात भाड्याने होते. खाली सही, सोबत त्यांच्या घरपट्टीच्या पावतीची आणि वीजबिलाची झेरॉक्स. त्यावर मी नोटरीकडे स्वतःचं प्रतिज्ञापत्र केलं. बँकेचं पासबुक होतंच, दर महिन्याला फोंड्याच्या एटीएममधून पैसे काढल्याच्या नोंदींसकट. आधारचा पत्ता मी प्रत्येक खोलीबरोबर बदलत आलो होतो, त्याचा फार उपयोग झाला, कारण आधारच्या संकेतस्थळावरून पत्ता कधी कधी बदलला याचा इतिहास तारखांसह उतरवून घेता येतो. ओसीआयवाल्याला बारा महिन्यांत १८२ दिवस इथे काढले की आधार मिळतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, पण कुठे राहत होतात ते दाखवायला पुरतं. आणि २०२१ च्या मार्चपासून इथे राहणाऱ्या ओसीआयधारकाने कायमचा राहता पत्ता किंवा व्यवसाय बदलला की एफआरआरओला (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीला) ईमेलने कळवायचं असतं. आपल्यात हे फार कमी जण करतात. तुम्ही केलं असेल तर ते ईमेल छापून लावा. केलं नसेल तर निदान आताच्या पत्त्याचं आज कळवा.

घरमालकाची सही हा खरा डोंगर, हे मला ठाऊक आहे. लोक सही देत नाहीत ते वाईट म्हणून नव्हे, भितात म्हणून. एकाला वाटतं घराला फक्त ईएचएन (रीतसर परवानगी नसलेल्या घराला दिलेला नंबर) आहे, पंचायत येऊन विचारेल. दुसऱ्याला वाटतं कागद दिला की भाडेकरू उद्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा, ज्याला सहज काढता येत नाही असा) म्हणून उभा राहील. या दुसऱ्या भीतीला चांगलं उत्तर आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्यात घरासाठी भाटकाराला (जमीनमालकाला) भाडं देणारा माणूस मुंडकाराच्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे ‘ही व्यक्ती माझ्याकडे भाडं देऊन राहते’ असं लिहिलेला कागद मालकाचंच रक्षण करतो. मी माझ्या मालकांना हे शांतपणे, चहा घेत समजावलं. त्यांनी मुलाला फोन केला, मुलाने वकिलाला विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी सही झाली. पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणीही त्याच आठवड्यात उरकून घ्या. तिचा शिक्का मालकालाही हवाच असतो.

आता तो रकाना. सध्याचा पत्ता म्हणून आज जिथे झोपता ती खोली लिहा: घर नंबर, वाडा, गाव, तालुका, आणि जवळची खूण. कायमच्या पत्त्यात तुम्ही पेडण्याचं घर लिहावं असं माझं मत आहे, कारण तिथे वारस म्हणून तुमचा खरा संबंध आहे आणि इन्व्हेंटरीचे कागद ते दाखवतात. पण सोबत साध्या कागदावर एक पत्र जोडा: हे वडिलोपार्जित घर आहे, वाटणीचा दावा चालू आहे, घर राहण्याजोगं नाही, मी तिथे राहत नाही, चौकशीसाठी कृपया सध्याच्या पत्त्यावर यावं. माझ्या दुसऱ्या अर्जात असंच पत्र होतं. टेबलावरच्या कारकुनांनी ते वाचलं, वरच्या कोपऱ्यात फाइल नंबर घातला, आणि एकही प्रश्न विचारला नाही. पेडण्याला जो भाऊ शेजारी राहतो त्यालाही सांगून ठेवा. तिथे कुणी आलंच तर त्याने तुमचा फोन नंबर द्यावा.

एक धोक्याची गोष्ट. मतदार ओळखपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून लावू नका. परदेशी पासपोर्ट घेतला म्हणजे कलम ९ प्रमाणे आपलं भारतीय नागरिकत्व गेलं, आणि मतदार फक्त नागरिकच असतो. यादीत नाव राहून गेलं असेल तर आधी ते रीतसर काढून घ्या. परवाच ओळखीच्या एका मुलाने ते कार्ड फाइलमध्ये पहिल्या पानावर लावलं होतं. काढायला लावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

काही जण विचारतात, वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, मग आम्ही आपोआपच भारतीय नाही का? १९६२ च्या आदेशाने त्या पिढीला २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय मानलं, हे खरं. पण नंतर स्वतःहून घेतलेल्या दुसऱ्या नागरिकत्वाला तो आदेश पुसत नाही. आणि गोव्यात २०२४ मध्ये सीएएखाली (नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीखाली) जे प्रमाणपत्र दिलं गेलं तो मार्ग वेगळा. तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या ठरावीक समाजांच्या लोकांसाठी आहे.

बारा महिन्यांकडे परत येतो. तुमची मुलगी स्विंडनला आहे, म्हणून हे काळजीने लिहितोय. अर्जाआधीच्या वर्षात तिकडे जाऊ नका. विशेष कारण असेल तर केंद्र सरकार लेखी नोंद करून जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, तुकड्या-तुकड्यांत मोजली तरी. पण ती त्यांची मर्जी, आपला हक्क नाही. तिला इकडे बोलवा.

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागद कलेक्टर कचेरीत. तिथून राज्य सरकार, तिथून दिल्लीला गृह मंत्रालय. या काळात खोली बदलावी लागली, आणि तुम्हाला लागणारच, तर जिल्हा बदलू नका. म्हापशाचा बार्देश तालुका सोडून उत्तर गोव्यातच तिसवाडीत गेलात तर फक्त पोलीस ठाणं बदलेल. दक्षिण गोव्यात सासष्टीत गेलात तर कलेक्टरच बदलेल आणि फाइलला प्रवास करावा लागेल. खोली बदलली की आठ दिवसांत लेखी कळवा, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. माझ्याकडे अशा तीन पोच आहेत. तिसरीमुळे नव्या पत्त्यावर पोलीस बरोबर आला. पाऊस होता, रेनकोट दारात टांगून तो आत आला, करारनामा पाहिला, शेजारच्या पदेराला (पाववाल्याला) आणि समोरच्या गाड्यावाल्याला विचारलं, “हांका वळखतात?” दोघांनी हो म्हटलं. पंधरा मिनिटांत चौकशी आटोपली. तेव्हा नव्या जागी गेलात की शेजाऱ्यांना आधी तुमचं नाव कळू द्या.

पोर्तुगीज नागरिकत्व सोडण्याची घाई करू नका. पोर्तुगालच्या कायद्यात दुसऱ्या देशाचा नागरिक असलेल्यालाच ते सोडता येतं. म्हणून इथून लेखी स्वीकृतीचं पत्र आलं की ते घेऊन पणजीच्या वकिलातीत जा, तिथे क्रम विचारा, आणि त्यांचं उत्तरही लेखी घ्या. शेवटी निष्ठेची शपथ असते. ती मी २०२३ मध्ये घेतली, तेव्हा राहत होतो ती खोली सहावी होती.

आता या आठवड्याचं काम. आताच्या मालकिणीचा करारनामा ऑक्टोबरला संपतो असं तुम्ही लिहिलंय. तो संपायच्या आत, चवथीच्या धांदलीआधी, त्यांच्याकडे जाऊन राहण्याचं पत्र आणि घरपट्टीची झेरॉक्स घ्या. नंतर खोलीत पाहुणे उतरले की त्यांना वेळ मिळणार नाही. आधीच्या तीन मालकांपैकी ज्यांचे नंबर आहेत त्यांना फोन करा. वहीच्या चार ओळी झाल्या की इथे टाका, फक्त नावं आणि घर नंबर झाकून. कुठला कागद कमी आहे ते मी बघून सांगतो.