चूक माझीच होती, तरी भरपाई मिळेल?

प्रश्न : यंत्र बंद न करताच अडकलेला तुकडा काढायला गेलो आणि अंगठा गमावला. चूक माझीच. आता मालकाकडे कोणत्या तोंडाने मागू?

याच तोंडाने मागा. कामगार भरपाईचे कायदे ‘चूक कोणाची’ हा वाद टाळण्यासाठीच झाले. त्याआधी मालकाचा निष्काळजीपणा कामगाराला कोर्टात सिद्ध करावा लागे आणि कामगाराचा स्वतःचा किंवा सहकाऱ्याचा हलगर्जीपणा निघाला की मालक सुटे. जर्मनीने १८८४ मध्ये, ब्रिटनने १८९७ मध्ये हे बदललं. आता अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं दाखवलं की बहुतेक ठिकाणी भागतं. घाईगडबड आड येत नाही. नशेत असणं किंवा यंत्राची संरक्षक जाळी मुद्दाम काढून ठेवणं मात्र आड येऊ शकतं.

याची किंमतही आहे. उपचार, बुडालेल्या पगाराचा काही हिस्सा आणि अपंगत्वाची ठरलेली रक्कम मिळते. वेदनांचे पैसे सहसा नाहीत. भारताच्या १९२३ च्या कायद्याच्या तक्त्यात अख्खा अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरलं, तर्जनीला १४ टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान घासाघीस टळते.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी जाताना दुसऱ्या गाडीने ठोकलं. पैसे कोणाकडे मागायचे?

मालकाकडे कामगार भरपाई, गाडीवाल्याकडे नुकसानभरपाई. दुसऱ्या दाव्यात त्याची चूक सिद्ध करावी लागते, पण वेदना आणि पुढची सगळी बुडणारी कमाईही मागता येते. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत; अनेक देशांत पहिली रक्कम दुसरीतून वळती होते. भारतात तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ दोन्हींपैकी एकच निवडायला लावतं. म्हणून वकिलाला आधी भेटा, अर्ज मग.

प्रश्न : घरून कामावर निघालो होतो, वाटेत पडलो. हे धरतात का?

देशागणिक वेगळं. जर्मनीत नेहमीच्या वाटेवरचा अपघात धरतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत, काही अपवाद सोडले तर, नाही.

प्रश्न : विमा कंपनी लगेच रक्कम द्यायला तयार आहे, फक्त ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही मागतेय. करू का?

एवढ्यात नको. पाठीचं, डोक्याचं दुखणं महिन्यांनी उलटतं, आणि अशा सहीनंतर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा तुमच्याच डोक्यावर बसतो. आता आणखी सुधारणा होणार नाही, असं डॉक्टर लिहून देईपर्यंत थांबा. मात्र दावा दाखल करण्याची मुदत बोलणी चालू आहेत म्हणून थांबत नाही. ती तारीख आजच विचारून घ्या. आणि अपघाताची खबर मालकाला अजून तोंडीच दिली असेल, तर लेखी द्या आणि पोच घ्या.