एमडी होऊन नुकतीच सरकारी मेडिकल कॉलेजात लागले आहे. संशोधनासाठी पैसे कुठून मिळतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमडी मेडिसिन, वय ३३, विदर्भातल्या सरकारी कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून नुकत्याच रुजू, स्क्रब टायफसवर (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर) काम करायचंय, आणि विभागातले वरिष्ठ सांगतात की 'पैसा एम्सला मिळतो नाहीतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला, आपण पेशंट बघावेत'.

वरिष्ठांचं निम्मं बरोबर आहे. पैसा मिळतो, आपल्याकडेही मिळतो. पण ग्रँट निवडताना सगळे जण रकमेकडे बघतात. माझ्या मते आधी बघायचं ते हे की आलेला पैसा आपलं कॉलेज वेळेत खर्च करू शकेल का. मी मायक्रोबायोलॉजीचा माणूस, सरकारी कॉलेजातलाच. सँक्शन झालेला पैसा कॉलेजच्या खात्यात पडून राहिलेला मी जितका पाहिलाय, तितकी नाकारलेली प्रपोजलं पाहिलेली नाहीत.

सगळ्यात आधी तुमची नेमणुकीची ऑर्डर काढून वाचा. लोकसेवा आयोगातून आलेली नियमित नेमणूक आहे की १२० दिवसांची तात्पुरती? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. तात्पुरत्या ऑर्डरवर असाल तर बहुतेक सरकारी ग्रँटमध्ये मुख्य संशोधक म्हणून तुमचं नाव चालत नाही. प्रकल्प तीन वर्षांचा आणि तुमची ऑर्डर चार महिन्यांची, मग जबाबदारी कोणाची, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. अशा वेळी नियमित पदावरच्या कोणाला तरी पीआय (मुख्य संशोधक) करा आणि स्वतः कोपीआय (सहसंशोधक) व्हा. यात कमीपणा काही नाही. फक्त पेपरवर पहिलं नाव कोणाचं हे प्रपोजल लिहितानाच बोलून घ्या, नंतर तो विषय काढणं फार अवघड जातं.

आता पैशाकडे येऊ. पहिली चौकशी दिल्लीला नको, स्वतःच्या कॉलेजात करा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने देशभरातल्या बऱ्याच सरकारी मेडिकल कॉलेजांत एमआरयू, म्हणजे मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट, काढून दिली आहेत. कोट्यवधींची यंत्रं, एखाद-दोन शास्त्रज्ञ, टेक्निशियन आणि किट-रसायनांसाठी वेगळा निधी. कॉलेजातल्या शिक्षकांनी छोटी प्रपोजलं द्यायची, स्थानिक सल्लागार समितीने ती बघायची, अशी मूळ कल्पना. पण कित्येक ठिकाणी नव्या शिक्षकांना हे युनिट कुठल्या मजल्यावर आहे हेसुद्धा माहीत नसतं, आणि युनिटवाले मात्र 'क्लिनिकलचे लोक प्रपोजलच देत नाहीत' म्हणून वैतागलेले असतात. तुमच्या कॉलेजात नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात चौकशी करा. विषाणू निदानाची व्हीआरडीएल लॅब असेल तर तिथेही एक चक्कर मारा. एलायझा रीडर (रक्ततपासणीचा निकाल वाचणारं यंत्र) आणि नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीजर तुमच्या बजेटमध्ये टाकावा लागला नाही, तर अर्ज निम्म्याने हलका होतो.

दुसरी जवळची जागा म्हणजे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. संलग्न कॉलेजांसाठी त्यांच्या स्वतःच्या छोट्या संशोधन अनुदानाच्या योजना आहेत. रक्कम लहान, पण पहिल्या ग्रँटचा उपयोग पैशापेक्षा सीव्हीसाठी जास्त. 'याआधी मिळालेला निधी आणि त्याचा विनियोग' हा रकाना एकदा भरला की पुढच्या अर्जात परीक्षकाचा हात जरा सैल होतो. मुंबईत केईएमसारख्या जुन्या कॉलेजांचे स्वतःचे ट्रस्ट अशा छोट्या कामांना पैसे देतात. विदर्भात ती सोय क्वचितच.

आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं बोलू. तुमच्या हाताखालच्या एमबीबीएसच्या मुलांसाठी त्यांची एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) ही दोन महिन्यांची योजना आहे. पैसे विद्यार्थ्याला विद्यावेतन म्हणून मिळतात, तेही अहवाल मान्य झाल्यावर. तुमच्या किटला त्यातून काही मिळणार नाही. तरीही एखाद्या हुशार मुलीला गाइड करा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या केसपेपरवरून स्क्रबच्या रुग्णांची नीट नोंद ती काढेल, आणि तुमच्या मोठ्या प्रपोजलमधला 'आमच्याकडे रुग्ण किती येतात' हा परिच्छेद आयता तयार होईल. विभागातल्या पीजींच्या प्रबंधासाठीही आयसीएमआर पैसे देतं. कोणाच्या डेस्कवर तो अर्ज अर्धवट पडलाय का, बघा.

मोठं म्हणजे आयसीएमआरचं एक्स्ट्राम्युरल, बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना दिलं जाणारं अनुदान. स्मॉल ग्रँट असं नाव असलं तरी रक्कम नवख्याच्या दृष्टीने प्रचंड असते. अर्ज ऑनलाइन, फी शून्य. (फी मागून 'ग्रँट मिळवून देतो' म्हणणारे ईमेल तुम्हाला आता यायला लागतील, ते सरळ उडवा.) इथे एम्सवाले पुढे असतात ते ओळखीमुळे, असं सगळे म्हणतात. मला कारण वेगळं दिसतं. त्यांच्याकडे बजेट लिहायला शिकलेली माणसं आहेत. आपण 'किट : अंदाजे ५ लाख' असं लिहून मोकळे होतो.

बजेट कसं लिहायचं ते तुमच्याच विषयावर सांगतो. स्क्रबच्या आयजीएम एलायझा या रक्ततपासणीच्या किटमध्ये ९६ वेल, म्हणजे नमुना टाकायचे खळगे, असतात. म्हणून ९६ रुग्ण होतात का? नाही. प्रत्येक रनला (एका वेळच्या तपासणीला) कंट्रोल, म्हणजे पडताळणीचे ठरलेले नमुने, लावावे लागतात, समजा ४ वेल. सीरम साठवून २० नमुन्यांचा एक रन केलात तर २४ वेल गेले, किटमध्ये चार रन, म्हणजे ८० रुग्ण. पण वॉर्डातून लवकर रिपोर्ट मागतात म्हणून आठ-आठ नमुन्यांवर रन लावलात तर १२ वेल, आठ रन, आणि रुग्ण फक्त ६४. ३०० रुग्णांच्या अभ्यासाला पहिल्या पद्धतीने चार किट लागतात, दुसऱ्या पद्धतीने पाच. वर फेरतपासणीसाठी एक धरा. हे एवढं बजेटच्या समर्थनात लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं, या बाईने पिपेट हातात धरलेलं आहे किंवा धरणाऱ्याला विचारलेलं आहे. आणि हो, रिपोर्टसाठी डॉक्सीसायक्लिन (स्क्रबवरचं औषध) थांबणार नाही, हे एथिक्सच्या अर्जात स्वच्छ लिहा. कमिटी तेच विचारते.

एएनआरएफ, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबी या केंद्राच्या संशोधन-निधी मंडळाच्या जागी २०२३च्या कायद्याने आलेलं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. त्यांची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट नव्याने नियमित पदावर आलेल्यांसाठीच आहे. तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वयाची मर्यादा ४२, महिलांना त्यात तीन वर्षांची सूट. ती पीएचडीवाल्यांची, असं समजून एमडी झालेले तिकडे फिरकत नाहीत. एमडी चालते. मात्र तिथल्या परीक्षकांत मूलभूत विज्ञानाची मंडळी बरीच. 'आमच्या वॉर्डात स्क्रबचे रुग्ण किती' एवढ्यावर ते खूश होणार नाहीत. जंतूचे प्रकार किंवा प्रतिकारशक्तीबद्दलचा प्रश्न घेऊन, एखाद्या जीवशास्त्रज्ञाला सोबत घेऊन जा. ऑर्डर नियमित असेल तर हा अर्ज लांबवू नका, कारण 'नव्याने रुजू' ही पात्रता दर महिन्याला जुनी होत जाते.

माझ्या लेखी तुमच्यासारखीला सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे इंडिया अलायन्सची फेलोशिप. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधला वेलकम ट्रस्ट मिळून ती चालवतात. तिसऱ्या टप्प्याला ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, एकूण १,५०० कोटींची. डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी त्यात वेगळा प्रवाह आहे. ही ग्रँट माणसाला मिळते, पगार धरून, त्यामुळे पक्की नोकरी नसतानाही चांगल्या यजमान संस्थेच्या आधारावर अर्ज करता येतो. आधी प्राथमिक अर्ज, मग पूर्ण, मग मुलाखत. मुलाखत कडक असते. अडचण एकच, पण मोठी: तुमचा बराचसा वेळ संशोधनाला मोकळा ठेवू असं संस्थेने लिहून द्यावं लागतं. आपल्या अधिष्ठात्यांना भरलेले वॉर्ड आणि रिकामी पदं दिसत असतात, सही सहज होत नाही. कधीकधी दुसरी यजमान संस्था शोधणं सोपं पडतं.

'हे मोठ्या शहरांचं काम' असं कोणी म्हणालं तर गडचिरोलीचं उदाहरण द्या. तिथल्या सर्च संस्थेत राहून डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी ग्रामीण भागातल्या पक्षाघातावर काम केलं, ते याच इंडिया अलायन्सच्या फेलोशिपवर. आणि तुमच्या रोगावर बोलायचं तर गंभीर स्क्रब टायफसमध्ये डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र दिलेलं एकेकट्यापेक्षा सरस ठरतं, हे दाखवणारी भारतातली बहुकेंद्री चाचणी २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आली, तिलाही पैसा इंडिया अलायन्सचाच. वेल्लोरचं काम होतं खरं, वरिष्ठांचं तेवढं मान्य. पण अशा चाचण्या रुग्ण असलेल्या केंद्रांवाचून होत नाहीत, आणि २०१८च्या साथीनंतर नागपूरच्या आसपास रुग्ण आहेत हे वेगळं सांगायला नको. अशा गटाला पत्र लिहून 'आमच्याकडे हंगामात एवढे रुग्ण येतात, पुढच्या अभ्यासात केंद्र म्हणून घ्याल का' असं विचारणं हाही निधी मिळवण्याचाच मार्ग आहे.

परदेशी पैशाचं आत्ता डोक्यात घेऊ नका. आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते, पहिल्या वर्षी तो व्याप झेपणार नाही.

आता कॉलेजच्या लेखा शाखेचं, जिथून मी सुरुवात केली. स्क्रबचा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. सँक्शनचा हप्ता समजा फेब्रुवारीत आला. अकाउंट्समधले म्हणणार, 'मॅडम, ३१ मार्चच्या आत खर्च टाका, नाहीतर यूसीत (विनियोग प्रमाणपत्रात) शिल्लक दिसेल.' तुम्ही घाईने सगळी किट घेतलीत तर हंगाम सुरू होईपर्यंत त्यांची निम्मी मुदत संपलेली. न घ्यावीत तर १२-अ फॉर्ममधलं विनियोग प्रमाणपत्र लंगडं दिसतं आणि दुसरा हप्ता अडतो. एका कॉलेजात तर टेक्निशियनच्या पदाची जाहिरात फाइलवर फिरता फिरता दिवाळी झाली. किट होती, रुग्ण होते, नमुने घ्यायला माणूस नव्हता.

म्हणून अर्ज लिहिण्याआधीच लेखा शाखेतल्या संशोधनाची फाइल बघणाऱ्या लिपिकाशी बसा. तीन गोष्टी विचारा: याआधीच्या प्रकल्पांचं स्वतंत्र खातं आहे का, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किटची खरेदी कोण करतं आणि किती दिवस लागतात, आणि प्रकल्पावरचा माणूस नेमायला कोणाकोणाच्या सह्या लागतात. उत्तरं निराशाजनक असली तर मोठी ग्रँट यंदा सोडा. एमआरयूमार्फत किट मिळवा, त्यांची खरेदीची वाट आधीच रुळलेली असते. उत्तरं बरी आली तर प्रपोजलमध्ये खर्चाची वाटणीच अशी करा की पहिल्या वर्षी पगार आणि छोटी उपकरणं, किटचा मोठा भाग हंगामाच्या तोंडावर, आणि किट पुरवठादाराकडून टप्प्याटप्प्याने घेणार असं कोटेशनवरच लिहून घ्या.

एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र पैशाची वाट न बघता आजच टाका. ती मंजुरी हातात असलेला अर्ज आणि 'प्रक्रिया सुरू आहे' लिहिलेला अर्ज यात फरक पडतो, आणि पैसा आला नाही तरी केसपेपरवरचं काम तुम्हाला या पावसाळ्यात सुरू करता येईल.