‘तरुण’ अवशेष की ‘धाकटा’?

‘दडलेले तरुण अतिनवतारा-अवशेष’ (अतिनवतारा म्हणजे स्फोट होऊन संपणारा तारा, सुपरनोव्हा) हा भाषांतरातला शब्दप्रयोग वाचून एका वाचकांनी विचारले आहे की, मरून उरलेल्याला ‘तरुण’ कसे म्हणावे, आणि त्याऐवजी ‘ताजे’ किंवा ‘धाकटे’ चालेल का.

‘अवशेष’ म्हणजे मुळात एवढेच, की जे शिल्लक राहिले ते; पडके वाडे आणि किल्ले डोळ्यांसमोर असल्यामुळे जुनेपणा त्याला आपण चिकटवला. ताऱ्याच्या स्फोटात उधळलेले द्रव्य हजारो वर्षे पसरत राहते, म्हणून त्याला वयही असते. ‘ताजे’ मला भाजीबाजारातले वाटते. ‘तरुण’ मात्र येथे नेमका बसतो, कारण गॅमा किरणांनी घेतलेला शोध हा तारुण्याचाच शोध असतो. स्फोटात तयार होणाऱ्या टायटॅनियम-४४ या किरणोत्सारी द्रव्याचा अर्धायुकाल, म्हणजे साठा निम्मा होण्यास लागणारा काळ, सुमारे ६० वर्षे आहे. त्याच्या ऱ्हासातून ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण निघतात आणि दृश्य प्रकाश अडवणाऱ्या धुळीतून ते आरपार येतात, परंतु ३०० वर्षांत मूळ साठ्याचा जेमतेम बत्तिसावा भाग उरतो. शर्मिष्ठा तारकासमूहातील, सुमारे साडेतीनशे वर्षे वयाच्या ‘कॅसिओपिया ए’ या अवशेषातून आलेले हे किरण कॉम्प्टेल या उपग्रहावरील गॅमा-किरण दुर्बिणीने टिपल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले.

‘धाकटा’ हा शब्द वय सांगत नाही, नाते सांगतो. साठीचा भाऊही धाकटा असू शकतो. दक्षिण आकाशातल्या, सुमारे ११,००० वर्षांच्या व्हेला या अतिनवतारा-अवशेषाच्याच दिशेला, त्याच्या उजेडात हरवलेला दुसरा अवशेष १९९८ मध्ये रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींत सापडला आणि त्याला ‘व्हेला ज्युनियर’, म्हणजे ‘धाकटा व्हेला’, हे नाव पडले. टायटॅनियमचे किरणही दिसल्याचा दावा तेव्हा झाला, म्हणून त्याचे वय सुमारे ७०० वर्षे मानले गेले; पुढच्या निरीक्षणांत मात्र त्या किरणांना दुजोरा मिळाला नाही आणि आता त्याचे वय काही हजार वर्षे धरतात. म्हणजे तो धाकटा ठरला, तरुण नव्हे, आणि भाषांतरकाराने ‘तरुण’ आणि ‘धाकटा’ या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला असता तर ही दुरुस्ती वाचकाला कळलीच नसती.

जाता जाता ‘दडलेले’विषयी: व्हेला ज्युनियरला तो शोभतो, कारण तो दुसऱ्याच्या आड होता. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या धुळीमागे असलेल्या, जेमतेम शे-दीडशे वर्षांच्या ‘जी १.९+०.३’ या अवशेषासाठी मी ‘झाकोळलेला’ म्हणेन.