डिझेल इंजिनात कोळसाच नाही, मग अमेरिकेत फायरमन कशाला ठेवले होते?

माझे वडील भुसावळला फायरमन होते, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे, त्यामुळे प्रश्न घरचाच वाटला. पण तुम्ही अमेरिकेचं विचारलंय, तर आधी ते सांगतो. तिथे या एका माणसाचा प्रश्न मिटायला ३५ वर्षं लागली.

१९३७ मध्ये फायरमनच्या युनियनने रेल्वे कंपन्यांकडून लिहून घेतलं, की प्रवासी गाड्यांच्या आणि ठरावीक वजनावरच्या डिझेल इंजिनांवर फायरमन राहणारच. तेव्हा डिझेल इंजिनं होती मोजकीच, म्हणून कंपन्यांनाही ते जड गेलं नाही. पुढे वाफेची इंजिनं गेली आणि हजारो फायरमन डावीकडच्या खुर्चीत 'नुसते बसलेले' दिसायला लागले. 'नुसते' हा अर्थात कंपन्यांचा शब्द. तिथला ड्रायव्हर उजवीकडे बसतो. इंजिनाचा लांब भाग पुढे असला आणि डावं वळण आलं, की त्याला पुढचा रूळ दिसतच नाही. तिकडे डोळे लावून बसायचं ते फायरमनने. प्रवासी गाडीचे डबे गरम ठेवणारा बॉयलरही त्याच्याच गळ्यात. मालगाडीत मात्र पुढचा ब्रेकमन (ब्रेक आणि डब्यांची जोडणी बघणारा) इंजिनातच बसलेला असे, डावीकडे तोही बघू शके, त्यामुळे कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

१९५९ पासून वाद पेटला. देशभर रेल्वे बंद पडायची वेळ आली, तेव्हा ऑगस्ट १९६३ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून तो लवादाकडे दिला. निकाल लागला: मालगाड्या आणि यार्डातल्या फायरमनच्या ९० टक्के जागा काढता येतील. दहा वर्षांच्या वर नोकरी झालेले वाचले, अगदी नव्यांना भरपाई देऊन घरी पाठवलं. प्रकरण मिटलं ते १९७२ च्या कराराने, आणि फायरमनची जागा शिकाऊ ड्रायव्हरची झाली.

आपल्याकडे असं काही झालं नाही. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरबरोबर दोन-दोन फायरमन असत. डिझेल आल्यावर बाबा डिझेल असिस्टंट झाले. आज त्याच जागेला असिस्टंट लोको पायलट म्हणतात. (मुंबईच्या लोकलमध्ये पुढे मोटरमन एकटाच, ती गोष्ट वेगळी.) फावडं सुटलं, पण सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने पुकारायचा, हे काम राहिलं. रिटायर झाल्यावर बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि प्रत्येक चौकात कानाशी ओरडायचे, "पिवळा!" मीही "पिवळा" म्हणेपर्यंत गप्प बसत नसत.